गलतीकरांस पत्रातील गुणवाचक शब्द : एक अर्थविचार

पौलाने गलतिया प्रांतातील मंडळ्यांना लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, २२ व २३ या वचनांत, 'आत्म्याचे फळ' म्हणून नऊ गुणांची नावे येतात. बायबल सोसायटीच्या प्रचलित मराठी भाषांतरात ती पुढीलप्रमाणे आहेत : प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता आणि इंद्रियदमन. रविवारच्या शाळेत मुलांकडून ही नावे पाठ करून घेतली जातात आणि घरोघरी भिंतीवरही ती आढळतात. ग्रीक मूळ पाहणारा वाचक विरळा. बहुतेकांना या गुणांची ओळख होते ती मराठी शब्दांतूनच. तेव्हा या शब्दांना मराठीत आधीपासून कोणता अर्थ चिकटलेला आहे, हा प्रश्न केवळ कोशकाराचा उरत नाही. माणसे ज्या अर्थाने शब्द समजतात त्याच अर्थाने तो गुण आचरू पाहतात.

ख्रिस्ती विचार मराठीत आला तो नवे शब्द घडवून फारसा आला नाही; रुळलेले शब्दच त्याने कामाला लावले. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तपुराणात स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द निःसंकोचपणे योजला आहे. श्रीरामपूर येथे (बंगालमधील, आपल्याकडील नव्हे) १८११ साली केरीचा मराठी नवा करार निघाला. तेव्हापासून भाषांतरकारांपुढे हाच पेच वारंवार उभा राहिला : ओळखीचा शब्द घ्यावा, तर तो आपले जुने सोयरेधायरे बरोबर घेऊन येतो.

नवांपैकी पहिल्या तीन शब्दांबद्दल येथे विशेष सांगण्यासारखे नाही. चौथा मात्र विचार करण्याजोगा आहे. 'सहनशीलता' हा ज्याचा प्रतिशब्द, तो मूळ शब्द 'माक्रोथुमिया'. 'माक्रोस' म्हणजे लांब, 'थुमोस' म्हणजे चित्तातील आवेग, क्रोध. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात याच घडणीचे विशेषण 'एरेख अप्पायिम' या हिब्रू पदासाठी येते. त्या पदाचा शब्दशः अर्थ 'लांब नाकाचा'. हिब्रूत नाक आणि राग यांना एकच शब्द आहे. शीघ्रकोपी माणसाच्या 'नाकावर राग असतो' असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे नवल वाटू नये. स्तोत्रसंहितेच्या मराठी भाषांतरात या पदासाठी 'मंदक्रोध' असा नेमका शब्द आहे आणि तो परमेश्वराचे विशेषण आहे.

येथेच दोन शब्दांतील अंतर उघड होते. मंदक्रोध तोच असू शकतो, ज्याला क्रोध करण्याचे सामर्थ्य आहे. मराठीत 'सहनशील' कोणाला म्हणतात? धरित्रीला, सुनेला, राबणाऱ्या गड्याला. 'सहनशील सावकार' हा शब्दप्रयोग कोणी ऐकला असेल असे वाटत नाही. परंतु मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील दाखल्यात हा गुण मागितला आहे तो सावकाराकडेच. एका दासाला राजाचे दहा हजार टॅलंट देणे आहे. एक टॅलंट म्हणजे सुमारे सहा हजार दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, हे ध्यानी घेतले म्हणजे ही रक्कम सात जन्मांत फिटणारी नव्हे, हे कळते. तो राजाकडे 'माक्रोथुमिया'ची याचना करतो. राजा तर सगळे कर्जच सोडून देतो. बाहेर पडताच या दासाला त्याचे शंभर दीनार देणे लागणारा सोबती भेटतो. सोबती त्याच क्रियापदाने विनवणी करतो आणि हा त्याला तुरुंगात टाकतो.

मराठी भाषांतरकाराने दाखल्यात या क्रियापदासाठी 'वागवून घेणे' हा प्रयोग केला आहे. आमच्या मते तो फार मार्मिक आहे. वागवून घेतो तो वरचा. त्याने तसे घ्यावे म्हणून विनवतो तो खालचा. दिशा अगदी मुळाप्रमाणे राहिली आहे. गलतीकरांस पत्रात मात्र 'सहनशीलता' आल्यामुळे ही दिशा पुसली गेली. सासरी गांजल्या जाणाऱ्या मुलीला हे वचन दाखवून 'सोस' म्हणून सांगणे मराठीत सहज शक्य होते. मूळ शब्दाच्या आधारे तोच उपदेश आधी तिच्या सासऱ्याला आणि नवऱ्याला करावा लागेल. येथे दोष भाषांतरकाराचा म्हणता येत नाही. नऊ नामांच्या माळेत 'वागवून घेणे' ओवणे अवघडच होते.

पाचवा शब्द 'ममता'. मूळ शब्द 'ख्रेस्तोतेस', ज्या 'ख्रेस्तोस' या विशेषणावरून तो साधला आहे त्याचा अर्थ उपयोगी, सुखावह, न खुपणारा. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात येशू आपल्या जुवाला हेच विशेषण लावतो. मराठीत तेथे 'सोयीचे' असे आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात याच धातूचे क्रियापद प्रीतीविषयी आले आहे आणि मराठीत ते 'परोपकारी' झाले आहे. म्हणजे एका मुळाचे तीन मराठी अवतार : सोयीचे, परोपकारी, ममता. यांतील शेवटच्या दोहोंची व्युत्पत्ती शेजारी शेजारी ठेवून पाहावी. एकात 'पर' आहे, दुसऱ्यात 'मम'!

'मम' हे पद आपल्या परंपरेत निर्दोष मानलेले नाही. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताच्या लक्षणांत 'निर्मम' हे विशेषण मैत्री व करुणा यांच्या शेजारीच आले आहे. वेदान्तात अहंता आणि ममता ही बंधनाची जोडी. तथापि बोलीतल्या मराठीने या शब्दातले बंधन विसरून आईचा जिव्हाळा तेवढा ठेवला आणि भाषांतरकाराने घेतला तो हा बोलीतला शब्द. ते योग्यच झाले. 'उपकारशीलता' असा काही शब्द घडवला असता, तर तो पाठ झाला असता, पण घरात शिरला नसता. तरी एक उणीव राहतेच. ममतेला कुंपण असते. ती आपल्या माणसांवर असते. लूकच्या सहाव्या अध्यायात 'ख्रेस्तोस' हे विशेषण देवाला लावले आहे, आणि तेही कृतघ्न व दुष्ट यांच्याशी तो कसा वागतो हे सांगताना. तेथे 'ममता' घालून पाहिली, की शब्द किती ताणावा लागतो ते कळते.

राहिलेल्यांपैकी 'चांगुलपणा' व 'विश्वासूपणा' हे दोन शब्द '-पणा' प्रत्ययाने साधलेले, बाजारात आणि शेतावर चालणारे. दुसऱ्याचे मूळ 'पिस्तिस'. ग्रीकमध्ये दुसऱ्यावर भरवसा ठेवणे आणि स्वतः भरवशाला पात्र असणे, या दोहोंना हा एकच शब्द पुरतो. मराठीला निवड करावी लागते : करिंथकरांस पत्रात 'विश्वास', येथे 'विश्वासूपणा'. ही निवड संदर्भाला धरून आहे, कारण यादीतील इतर गुणही माणसामाणसांतील वागण्याचेच आहेत.

शेवटच्या 'इंद्रियदमना'ला मात्र मठाचा वास येतो. मूळ 'एंक्रातेइया'त इंद्रियांचा उल्लेख नाही. त्यात आहे 'क्रातोस', म्हणजे सत्ता, पकड. पौलाने याच धातूचे क्रियापद अन्यत्र शर्यतीसाठी अंग कसणाऱ्या मल्लांविषयी वापरले आहे. आखाड्यातला हा शब्द मराठीत येताना तपोवनाच्या वाटेने आला.