टर्बोची ताकद : दावा आणि हिशेब

जुन्या मोटारीला टर्बो बसवा, इंजिन दीडपट जोर करील, असे सांगणारे कारागीर आपल्या व्यापारी बांधवांना भेटत असतात. रक्कम मोजण्याआधी हा दीडपटीचा हिशेब कागदावर मांडावा, असे आम्ही सुचवतो.

टर्बो म्हणजे इंजिनच्या धुराच्या जोराने फिरणारा पंखा. तो हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो. हवा जास्त गेली की इंधनही जास्त जाळता येते. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांचे पेटंट १९०५ सालचे आहे.

समुद्रसपाटीला हवेचा दाब चौरस इंचाला १४.७ पौंड असतो. टर्बोने त्यात ७ पौंड घातले तर २१.७ झाले. याला १४.७ ने भागले की १.४८ येतात. इंजिन ६८ हॉर्सपॉवरचे असेल तर कारागीर सरळ गुणाकार करून १०० सांगतो.

गफलत येथेच आहे. हवा दाबली की तापते, सायकलचा पंप मारणाऱ्याला हे ठाऊक आहे. तापलेली हवा फुगते आणि तेवढ्याच जागेत वजनाने कमी मावते. बाहेर ३५ अंश असतील तर टर्बोतून ती सुमारे ८७ अंशांवर निघते. मग १.४८ चे १.२७ होतात, म्हणजे ८६ हॉर्सपॉवर. इंटरकूलर लावून हवा ५० अंशांवर आणली तर १.४१, म्हणजे ९६. कोऱ्या ताग्याची लांबी दाखवून धुतलेल्या कापडाचा भाव घ्यावा, तसा हा १०० चा आकडा आहे. मालाचा ऐब लपवून विकणे दीनमध्ये नाजायज आहे, आणि हॉर्सपॉवरही मालच आहे.

कंपनीला दीडपट साधते, हे खरे. मारुतीची २०१० ची ऑल्टो के-१० ९९८ सीसीची, ६८ हॉर्सपॉवर. २०१७ ची बलेनो आरएस तेवढ्याच सीसीची, टर्बोसह १०२. परंतु ते इंजिन मुळात टर्बोसाठीच घडवलेले होते. साध्या पेट्रोल इंजिनवर दाब चढवला की ते ठोके देऊ लागते आणि पिस्टनवर बेतते. टायमिंग मागे घ्यावे, तर ९६ मधूनही घट.

शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ आहे. नोंदणीपुस्तकाशी न जुळणारा बदल परवानगीविना चालत नाही, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल नुकसानभरपाईच्या वेळी आड येतो.

तरीही बसवायचाच असेल तर बसवण्यापूर्वी आणि नंतर एकाच यंत्रावर चाकांची ताकद मोजून घ्यावी, दोन्ही आकडे बिलावर लिहून घ्यावेत आणि बाकी रक्कम त्यानंतरच द्यावी.