राज्याचा शब्द कीं राज्यकर्त्याचा?

ता. ३ ऑक्टोबर २०१८ रोजीं हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयानें अमेरिकेविरुद्ध एक अंतरिम हुकूम दिला. इराणवर नव्यानें लादलेल्या निर्बंधांतून औषधें, अन्नधान्य आणि प्रवासी विमानांच्या सुरक्षिततेस लागणारे सुटे भाग मोकळे ठेवावेत, एवढाच त्याचा आशय होता. हुकूम एकमतानें झाला व अमेरिकेनें नेमलेले न्यायाधीशही त्या एकमतांत होते. त्याच दिवशीं वॉशिंग्टनहून उत्तर आलें कीं, ज्या तहाच्या आधारावर हा दावा उभा आहे, तो १९५५ चा मैत्रीचा तहच आम्ही संपुष्टांत आणीत आहों! एक वर्षाच्या नोटिशीनें तह संपविण्याची मुभा त्यांत होती, हें खरें. कायद्याच्या अक्षरास धक्का लागला नाहीं. परंतु निकाल विरुद्ध जातांच दस्तऐवज नाकारणाऱ्या प्रतिवादीस आमच्याकडील कोर्टांत काय म्हणतात, हें वाचकांस सांगावयास नको.

ह्याच तहाचा आधार घेऊन अमेरिका एके काळीं ह्याच न्यायालयाच्या पायरीशीं आली होती. नोव्हेंबर १९७९ मध्यें तेहरानच्या वकिलातींतील तिचीं माणसें ओलीस धरलीं गेलीं. पैकीं ५२ जणांस ४४४ दिवस अडकून पडावें लागलें. हा इराणचा उघड अपराध होता, व ता. २४ मे १९८० रोजीं न्यायालयानें तो तसाच ठरविला. इराणचे तेव्हांचे नवे राज्यकर्ते न्यायालयांत फिरकलेही नाहींत. म्हणजे नवे धनी आले कीं जुना कागद विसरावयाचा, ही खोड एकट्या वॉशिंग्टनची नव्हे. फरक इतकाच कीं, दुर्बळाच्या ह्या खोडीस अपराध म्हणतात आणि बलाढ्याच्या खोडीस धोरण!

ही कथा आणखी जुनी आहे. १९५१ सालीं इराणनें आपल्या तेलाचें राष्ट्रीयीकरण केलें, तेव्हां अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनीं मध्यस्थीचा मार्ग धरून हॅरिमन यांस तेहरानला पाठविलें. इंग्रज सरकार हेगला गेलें, आणि ता. २२ जुलै १९५२ रोजीं तेथें हरलें. सरकार व कंपनी यांमधील मक्त्याचा करार म्हणजे दोन राष्ट्रांतील तह नव्हे, सबब हें प्रकरण चालविण्याचा आम्हांस अधिकार नाहीं, असें न्यायालयानें नऊ विरुद्ध पांच मतांनीं ठरविलें. त्या नवांत इंग्रज न्यायाधीश मॅक्नेअर होते! न्यायासनावर बसल्यावर स्वदेशाचें सरकारही केवळ एक पक्षकार होतें, ह्याचा इतका स्वच्छ दाखला क्वचितच मिळेल.

पंतप्रधान मोसादेक हे स्वतः कायद्याचे डॉक्टर. ते हेगला जिंकले. परंतु जानेवारी १९५३ मध्यें वॉशिंग्टनला अध्यक्ष बदलले. आयसेनहॉवर आले, परराष्ट्रखातें जॉन फॉस्टर डलेस यांजकडे व हेरखातें त्यांचे बंधु ॲलन यांजकडे गेलें, आणि सात महिन्यांच्या आंत, ता. १९ ऑगस्ट रोजीं, मोसादेक यांचें सरकार उलथलें. पुढील वर्षीं झालेल्या तेलाच्या करारांत अमेरिकन कंपन्यांस ४० टक्के वाटा मिळाला. मोसादेक तीन वर्षें कैदेंत, व त्यापुढें १९६७ मध्यें मृत्यु येईपर्यंत स्थानबद्ध राहिले. मैत्रीचा तो १९५५ चा तह झाला, तो ह्या कारस्थानानें सिंहासनावर पक्क्या बसविलेल्या शहाशीं.

आतां २०१५ चा करार पाहा. व्हिएन्ना येथें ता. १४ जुलै रोजीं इराणनें युरेनियमचें शुद्धीकरण ३.६७ टक्क्यांवर व सांठा ३०० किलोवर रोखण्याचें कबूल केलें. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीनें सहा दिवसांत त्यास एकमुखानें मान्यता दिली. अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक इराण करार पाळीत असल्याचें वारंवार नमूद करीत होते. तरीही ता. ८ मे २०१८ रोजीं नवे अध्यक्ष ट्रंप यांनीं अमेरिकेस त्यांतून बाहेर काढलें. कांहीं बंधनें दहा-पंधरा वर्षांनीं सैल होणार होतीं, हा त्यांचा आक्षेप निराधार नव्हता. पण ती सुधारण्याची वेळ सहीच्या आधीं असते. पुढें एक वर्ष इराण थांबला, मग एकेक मर्यादा ओलांडूं लागला, व एप्रिल २०२१ मध्यें शुद्धीकरण ६० टक्क्यांवर नेलें.

बापाचें ऋण मुलानें फेडावें, हा आमच्या धर्मशास्त्राचा दंडक होता. अपवाद अव्यावहारिक ऋणाचा, म्हणजे जुगार-मद्यपानादिकांसाठीं काढलेल्या कर्जाचा. २००५ च्या दुरुस्तीनें आमच्या संसदेनें तो भार मुलाच्या डोक्यावरून उतरविला. तरी जो वडिलांची इस्टेट घेतो त्यानें त्या इस्टेटीपुरतें देणें द्यावें, हा न्याय कायमच आहे. ट्रंप यांनीं सैन्य, आरमार, डॉलरची सत्ता ही सारी इस्टेट घेतली. कर्जाची चिठ्ठी तेवढी अव्यावहारिक ठरविली.

ह्याचें वर्म अमेरिकेच्या घटनेंत आहे. तहास सिनेटच्या दोन तृतीयांश हजर सभासदांची संमति लागते. ओबामा यांनीं हा करार तह म्हणून सिनेटपुढें नेलाच नाहीं. मार्च २०१५ मध्यें ४७ सिनेटरांनीं तेहरानला उघड पत्र लिहून, पुढील अध्यक्ष हा कागद एका फटकाऱ्यानें रद्द करूं शकेल, असें बजावलेंही होतें.

तेहरानच्या धर्मगुरूंच्या राज्याची तरफदारी आम्ही करीत नाहीं. २०२२ सालीं माहसा अमीनी ही तरुणी पोलिसांच्या ताब्यांत मरण पावल्यावर रस्त्यांत उतरलेल्या स्त्रीपुरुषांस त्या राज्यानें गोळ्या घातल्या, कित्येकांस फांशीं दिलें. परंतु जुलमी राजवटीशीं केलेला करारही करारच असतो, आणि तो मोडल्याची झळ तिसऱ्यासही लागते. भारत संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध मानतो, एखाद्या देशाचे नव्हे, असें आमच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनीं मे २०१८ मध्यें बाणेदारपणें सांगितलें. वर्ष उलटतें न उलटतें तोंच आमची इराणी तेलाची खरेदी थांबली. तो बाणेदारपणा कोठें गेला, हें दिल्लीनें आम्हांस कधीं नीट सांगितलें नाहीं.

जानेवारी २०२५ मध्यें तेच ट्रंप पुन्हां अधिकारावर आले, आणि ज्या विषयावरील करार मोडला त्याच विषयावर नवा मागूं लागले. एप्रिलपासून ओमानच्या मध्यस्थीनें बैठकी झाल्या, सहावी ता. १५ जून रोजीं मस्कतला ठरली होती. ता. १३ रोजीं इस्रायलनें हल्ला चढविला, आणि ता. २२ रोजीं अमेरिकेनें फोर्दो, नातान्झ व इस्फहान येथील अणुकेंद्रांवर मारा केला. अशा पक्षासमोर बसून कागद लिहून घेण्याची पाळी आमच्यावर आली असती, तर आम्ही अध्यक्षांच्या सहीच्या आधीं सिनेटचा ठराव मागितला असता.