लायका गेली, बेल्का-स्त्रेल्का परतल्या

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने स्पुतनिक-१ हा पहिला कृत्रिम उपग्रह अवकाशात सोडला आणि जगभर खळबळ उडाली. सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह खूश झाले, पण तेवढ्यावर भागणार नव्हतं. ७ नोव्हेंबरला रशियन क्रांतीला चाळीस वर्षं पूर्ण होत होती आणि त्याआधी डोळे दिपवणारं आणखी एक उड्डाण त्यांना हवं होतं. मुख्य रॉकेट अभियंते सर्गेई कोरोल्योव्ह यांच्या हाती उरला जेमतेम महिना. तेवढ्यात स्पुतनिक-२ घाईघाईने तयार झाला आणि ३ नोव्हेंबरला लायका नावाची कुत्री पृथ्वीभोवती फिरू लागली.

तिला परत आणायची सोय यानात नव्हतीच. ही सोय विसरली गेली असं नाही. कक्षेत गेलेलं यान सुखरूप उतरवण्याचं तंत्र तेव्हा कोणाकडेच नव्हतं.

या मोहिमांसाठी कुत्री यायची ती मॉस्कोच्या रस्त्यांवरून. भूक आणि तिथला कडाक्याचा हिवाळा ज्यांनी आधीच पचवला आहे ती जनावरं चिवट असणार, असा सरळ हिशोब होता. वजन पाच-सहा किलोंच्या आसपास हवं, कॅमेऱ्यात नीट दिसावी म्हणून रंग फिकट हवा, आणि मादीच हवी. लघवीसाठी पाय वर करायला त्या चिंचोळ्या कप्प्यात जागा कुठली? निवड झाली की आणखी लहान, आणखी लहान अशा पिंजऱ्यांत दिवसच्या दिवस राहण्याचा सराव, गरगर फिरणाऱ्या यंत्रातल्या फेऱ्या आणि जेलीसारखं खाणं. उड्डाणाआधी डॉक्टर व्लादिमीर याझ्दोव्हस्की लायकाला आपल्या घरी मुलांशी खेळायला घेऊन गेले होते. तिच्यासाठी काहीतरी चांगलं करावं असं त्यांना वाटलं, कारण पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक होतं.

लायका कक्षेत अनेक दिवस जिवंत होती आणि तिला शांतपणे मरण आलं, असं जगाला सांगण्यात आलं. खरी हकिकत २००२ मध्ये ह्यूस्टनच्या एका परिषदेत रशियन शास्त्रज्ञ दिमित्री मालाशेन्कोव्ह यांनी मांडली. उड्डाणाच्या वेळी तिच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १०३ वरून २४० पर्यंत गेले. मग यान तापत गेलं आणि अवघ्या काही तासांत उष्णतेने आणि भीतीने ती मेली. तिचं शव घेऊन स्पुतनिक-२ फिरत राहिला आणि एप्रिल १९५८ मध्ये वातावरणात शिरून जळाला. या कार्यक्रमातलेच ओलेग गाझेन्को यांनी म्हातारपणी जाहीर कबुली दिली, की त्या उड्डाणातून हाती आलेली माहिती कुत्रीच्या मरणाचं समर्थन करण्याइतकी नव्हती.

लायकाचे पुतळे झाले, टपाल तिकिटं निघाली. पण माणसाला वर पाठवण्याच्या दृष्टीने पाहिलं तर खरं काम बेल्का आणि स्त्रेल्का यांनी केलं. त्यांच्या आधी २८ जुलै १९६० रोजी चायका आणि लिसिच्का या कुत्र्या रॉकेटच्या स्फोटात गेल्या होत्या. तीनच आठवड्यांनी, १९ ऑगस्टला, बेल्का-स्त्रेल्का निघाल्या. सोबत ससा, उंदीर, माश्या आणि रोपं असा गोतावळा होता. दुसऱ्या दिवशी सगळे जमिनीवर परतले. कक्षेत जाऊन जिवंत परतलेले हे पहिले प्राणी. चौथ्या प्रदक्षिणेत बेल्का अस्वस्थ होऊन ओकली, एवढीशी गोष्ट डॉक्टरांनी फार गांभीर्याने घेतली. माणसाचं पहिलं उड्डाण एकाच प्रदक्षिणेचं ठेवावं, असा त्यांनी आग्रह धरला आणि १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन एकच प्रदक्षिणा करून उतरले.

मधल्या काळात सगळं सुरळीत चाललं नव्हतं. १ डिसेंबर १९६० रोजी निघालेल्या प्चोल्का आणि मुश्का परतीच्या वाटेवर यानासह नष्ट झाल्या. त्यांची नावं आज फारशी कुणाला आठवत नाहीत.

स्त्रेल्काचं मात्र नशीब निराळं. तिला पुढे सहा पिल्लं झाली. त्यातली पुशिंका ख्रुश्चेव्ह यांनी १९६१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या कुटुंबाला भेट दिली. शीतयुद्ध ऐन भरात होतं, त्यामुळे व्हाइट हाउसमध्ये घेण्याआधी तिच्या अंगात चोरून ऐकायचं यंत्र तर नाही ना, याची तपासणी झाली! तिथल्याच चार्ली नावाच्या कुत्र्यापासून तिला चार पिल्लं झाली.

कुत्र्यांची शेवटची मोठी मोहीम फेब्रुवारी १९६६ ची. वेतेरोक आणि उगोल्योक ही जोडी कॉसमॉस-११० मधून बावीस दिवस अवकाशात राहून परतली. कुत्र्यांच्या अवकाश मुक्कामाचा तो विक्रम अजून मोडलेला नाही.