उठून बाहेर जाणारा सदस्य

डॅलसच्या विमानतळाला लागून ग्रेपव्हाइन नावाचं गाव आहे. तिथल्या तळ्याकाठी गेलॉर्ड टेक्सन हे अवाढव्य हॉटेल. नोव्हेंबर लागला की त्याच्या काचेच्या छपराखाली नाताळची रोषणाई चढते, बर्फातली शिल्पं बघायला पोरंबाळं लोटतात, कॉफीपुढे रांगा लागतात. त्याच हॉटेलातल्या एका बैठकीच्या खोलीत दर सोमवारी-मंगळवारी कॉलेज फुटबॉल प्लेऑफची निवड समिती बसते. समितीची ठरलेली संख्या तेरा. त्यांच्यापुढे देशभरातल्या विद्यापीठांचे संघ असतात (२०२५मध्ये १३६) आणि त्यातून पहिल्या पंचविसांची क्रमवार यादी करायची असते. मंगळवारी संध्याकाळी ती यादी टीव्हीवर जाहीर होते आणि बुधवारी सकाळी अर्धा देश या तेरा जणांना शिव्या देत उठतो.

शिव्यांचा मुख्य विषय एकच: कॉन्फरन्स. इथली विद्यापीठं आपापले गट करून खेळतात, त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. दक्षिणेकडच्या सोळा विद्यापीठांची एसईसी, अठरा विद्यापीठांची बिग टेन आणि सोळांची बिग ट्वेल्व्ह (नावातल्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये), अटलांटिक किनाऱ्यावरून सुरू होऊन आता कॅलिफोर्नियापर्यंत पोचलेली एसीसी. समितीवर या बड्या कॉन्फरन्समधल्या एकेका विद्यापीठाचा क्रीडाप्रमुख असतो. बाकीच्या जागांवर जुने प्रशिक्षक, माजी खेळाडू, एखादा पत्रकार. पहिल्या समितीत तर माजी परराष्ट्रमंत्री काँडोलीझा राइसही होत्या. क्रिकेट बोर्डाच्या निवड समितीत विभागवार माणसं असण्याचा काळ ज्यांना आठवतो, त्यांना या रचनेत शंका कुठे उगवते हे सांगायला नको.

शंकेवर उतारा म्हणून समितीचा एक नियम आहे. ज्या विद्यापीठाकडून सदस्याला पगार मिळतो, त्या विद्यापीठाची चर्चा निघाली की सदस्याने उठून खोलीबाहेर जायचं. त्या संघाला मत द्यायचं नाही. कुणी वस्तुस्थितीबद्दल काही विचारलं तर तेवढं उत्तर द्यायचं. नियम चांगला आहे, पाळलाही जातो. पण त्याची हद्द विद्यापीठापाशी संपते. एसईसीतला क्रीडाप्रमुख स्वतःच्या कॉलेजपुरता बाहेर जातो, आणि उरलेल्या पंधरा एसईसी कॉलेजांवर मत द्यायला परत खुर्चीवर येऊन बसतो. २०२४च्या हंगामात प्लेऑफमध्ये गेलेल्या प्रत्येक संघामागे चाळीस लाख डॉलर मिळत होते, आणि ते जात होते त्या संघाच्या कॉन्फरन्सला. कॉन्फरन्स ते आपल्या नियमांनी सदस्यांत वाटते. म्हणजे शेजाऱ्याचा संघ आत गेला तर आपल्या तिजोरीतही काहीतरी पडतं, आणि त्या मतदानाच्या वेळी आपण खोलीतच असतो. दाराबाबत इतका काटेकोर नियम करणाऱ्यांना हे दिसलं नसेल असं मला वाटत नाही. पण कॉन्फरन्सपर्यंत नियम ताणला तर खोलीत बसायला माणसंच उरणार नाहीत, हेही खरं.

आम्ही डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहतो. इथल्या मराठी घरांत फुटबॉल मुलांच्या मागून आला. मुलगी ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात गेली की बाप भगव्याकडे झुकणारा लाँगहॉर्नचा टी-शर्ट घालून भाजी आणायला जातो; मुलगा टेक्सास ए अँड एमला गेला की आई किरमिजी स्वेटशर्टात देवळात दिसते. २०२५च्या ६ डिसेंबरला, कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यांच्या शनिवारी, अशी तेरा माणसं आमच्या घरी जमवली आणि समितीच्याच पद्धतीने मतदान करून पाहिलं. खरा निकाल दुसऱ्या दिवशी लागायचा होता. नियम शक्य तितके तेच ठेवले. ज्यांची मुलं एखाद्या कॉलेजात आहेत त्यांनी त्या कॉलेजच्या वेळी स्वयंपाकघरात जायचं. आमच्यात पगार घेणारं कुणीच नव्हतं, सगळे फी भरणारे. पण आर्थिक संबंध तो आर्थिक संबंध.

पद्धत कागदावर वाचताना कंटाळवाणी वाटते, करताना तिची गंमत कळते. आधी प्रत्येकाने तीस संघांची नावं लिहायची, क्रम न लावता. किमान तिघांनी लिहिलेले संघ विचारात राहतात. मग प्रत्येकाने सर्वोत्तम सहा लिहायचे, तेही क्रमाशिवाय. सर्वाधिक मतांचे सहा संघ टेबलावर येतात आणि त्यांना प्रत्येकाने एक ते सहा क्रमांक द्यायचे. आकड्यांची बेरीज करायची. ज्यांची बेरीज सर्वांत कमी ते तीन संघ जागेवर बसले. उरलेले तीन पुढच्या फेरीसाठी थांबतात, त्यांच्यात नवे तीन येऊन मिळतात, पुन्हा क्रमांक. नंतरच्या फेऱ्यांत सहाचे आठ आणि तिनाचे चार होतात. सात फेऱ्यांत पंचवीस.

टेक्सास विद्यापीठाची पाळी आली तेव्हा लाँगहॉर्नवाले काका ओट्यापाशी गेले. तीन हारी झालेल्या टेक्सासचा प्लेऑफमध्ये जाण्याचा संभव जवळजवळ नव्हता. तरी आतून आवाज आला, "आम्ही ए अँड एमला हरवलंय, २७–१७!"

"काका, विचारलं तरच बोलायचं."

नियम मोडला म्हणून हशा झाला, पण खरी गोष्ट नंतर त्यांच्या चिठ्ठीत सापडली. टेक्सासवर त्यांचं मत नव्हतंच. जॉर्जियाला मात्र त्यांनी इंडियानाच्याही वर, पहिला क्रमांक दिला होता. इंडियाना तोवर एकही सामना हरली नव्हती आणि त्याच रात्री तिने ओहायो स्टेटला १३–१० हरवलं होतं. मग जॉर्जिया का? कारण टेक्सास जॉर्जियाकडून ३५–१० असं सपाटून हरलं होतं. जॉर्जिया देशात पहिली ठरली तर ती हार लाजिरवाणी राहत नाही. काकांना स्वतःलाही हे हिशेबाने सुचलं नसावं. ते मनापासून म्हणत होते, "अरे, बघितलायस ना तो संघ?"

बेरीज केली तेव्हा काकांच्या लबाडीचा काहीही परिणाम झालेला नव्हता. बारा चिठ्ठ्यांत इंडियाना पहिली होती. या पद्धतीची ताकद इथे दिसते: एखाद-दुसऱ्याचा कल ती विरघळवून टाकते. बाकीच्यांचं एकमत असेल, तर गुप्तपणे चार जणांनी संगनमत केलं तरी एखादा संघ दोन-चार पायऱ्या वर नेणं अवघड आहे. संगनमताची गोष्ट रंगवणाऱ्यांनी एकदा बसून ही बेरीज करून पाहावी. पण जो कल तेराही जणांचा सारखाच आहे, त्याला ही पद्धत हात लावू शकत नाही.

तो आम्हाला पुढच्या फेऱ्यांत भेटला. आमच्यातल्या आकडेमोडीत मुरलेल्या एका मैत्रिणीने नावं झाकलेला तक्ता केला होता. नुसतं अ, ब, क, आणि समोर हारजीत, प्रतिस्पर्ध्यांची ताकद, पहिल्या पंचविसांतल्या संघांवरचे विजय. एका रांगेत दोन हारी, दोन्ही एकाच बलाढ्य संघाकडून. दुसऱ्या रांगेत तीन हारी, त्यातली एक हंगामअखेर ५–७ राहिलेल्या संघाकडून, आणि एक त्याच दिवशी २८–७ अशी. बहुतेकांनी तीन हारींचा संघ वर ठेवला. नावं उघडली: खाली ब्रिगम यंग, वर अलाबामा. नाव दिसत नसताना अलाबामा वर गेली, म्हणजे आपण निःपक्ष, असं क्षणभर सगळ्यांना वाटलं. मग एका कॉलेजातल्या मुलाने विचारलं, "हा प्रतिस्पर्ध्यांच्या ताकदीचा कॉलम आला कुठून?"

तो कॉलम असा येतो. बारा सामन्यांच्या हंगामातले आठ-नऊ सामने आपल्याच कॉन्फरन्समध्ये खेळायचे असतात. बाहेरचे तीन-चार, त्यातले बरेचसे सप्टेंबरात, संघ अजून कच्चे असताना, आणि त्यातही काही मुद्दाम निवडलेले दुबळे भिडू. त्यामुळे दोन कॉन्फरन्सची तुलना करायला सामने अगदी थोडे मिळतात. ऑगस्टमध्ये एकही चेंडू फेकला गेला नसताना पत्रकारांची क्रमवारी येते. ही असोसिएटेड प्रेसची प्रथा १९५०पासूनची. तिच्यात एसईसीचे संघ ढिगाने. ते एकमेकांशी खेळतात. जिंकलेल्याच्या नावावर मानांकित संघावरचा विजय लागतो, हरलेल्याच्या नावावर मानांकित संघाकडून झालेली सन्माननीय हार. दोघेही यादीत टिकतात, त्यामुळे त्यांच्याशी खेळणाऱ्यांचाही कॉलम फुगतो. समिती आपली पहिली यादी नोव्हेंबरात काढते आणि इतर क्रमवाऱ्या पाहत नाही असं सांगते. पण नोव्हेंबरपर्यंत त्या तेरा जणांनी टीव्ही बंद ठेवलेला नसतो. अलाबामाचं नाव आमच्या मैत्रिणीने झाकलं होतं. एसईसी त्या कॉलममध्ये उघडीच होती.

ही प्रतिष्ठा हवेतून आलेली नाही हेही म्हटलं पाहिजे. २००६ ते २०१२ सलग सात राष्ट्रीय विजेतेपदं एसईसीच्या संघांनी घेतली. व्यावसायिक लीगमध्ये निवडली जाणारी मुलं मोजली तरी हीच कॉन्फरन्स पुढे दिसते. प्रश्न एवढाच, की २०१२च्या कमाईवर २०२५चा कॉलम किती दिवस चालावा. रविवारी सकाळी खऱ्या समितीने अलाबामाला नवव्या जागेवर जिथल्या तिथे ठेवलं आणि त्याच शनिवारी ३४–७ हरलेल्या ब्रिगम यंगला अकरावरून बारावर ढकललं. प्लेऑफच्या बारा संघांत एसईसीचे पाच गेले. मग १ जानेवारीला इंडियानाने अलाबामाला ३८–३ धुतलं आणि पुढे विजेतेपदही नेलं. एक वर्ष आधी याच इंडियानाला ११–१ असताना, सोप्या सामन्यांवर पोसलेला संघ म्हणून हिणवलं जात होतं. अर्थात निवडीनंतरच्या निकालावरून निवड तोलणं हा इथला राष्ट्रीय छंद आहे आणि तो कोणत्याही बाजूने खेळता येतो. २०१७मध्ये स्वतःच्या विभागातही पहिली न आलेली अलाबामा प्लेऑफच्या तेव्हाच्या चार संघांत घेतली गेली, ओरड झाली, ती विजेती ठरली.

समितीतल्या माणसामुळे कॉन्फरन्सचं भलं होतं, या समजाला सर्वांत मोठा धक्का २०२३चा. फ्लोरिडा स्टेट तेराच्या तेरा सामने जिंकून एसीसीची विजेती झाली होती. नोव्हेंबरात तिच्या क्वार्टरबॅकचा, जॉर्डन ट्रॅव्हिसचा, पाय मोडला. समितीच्या निकषांत खेळाडूंच्या दुखापती बसतात, त्याचा आधार घेऊन तिला पाचवी जागा दिली गेली. चार संघ जाणार होते. चौथी एक हार असलेली अलाबामा. बड्या कॉन्फरन्सचा अपराजित विजेता बाहेर राहण्याची ही प्लेऑफमधली पहिलीच वेळ, आणि हा निर्णय टीव्हीवर समजावून सांगायला बसले होते बू कॉरिगन, समितीचे अध्यक्ष, नॉर्थ कॅरोलायना स्टेटचे क्रीडाप्रमुख. म्हणजे एसीसीचेच. खुर्चीवर माणूस असून काही उपयोग झाला नाही.

खरं तर खुर्चीइतकीच यादीतली शेजारीणही महत्त्वाची असते. २०२५च्या शेवटच्या आठवड्याआधी नॉत्र दाम दहावी, ब्रिगम यंग अकरावी, मायामी बारावी. मायामीने ऑगस्टअखेर नॉत्र दामला २७–२४ हरवलं होतं, आणि समोरासमोरचा निकाल हा समितीचा लिखित निकष. तरी आठवडेच्या आठवडे मायामी खालीच. शेवटच्या शनिवारी दोघींचाही सामना नव्हता. मध्ये उभी असलेली ब्रिगम यंग हरून खाली सरकली, दोन्ही नावं एकमेकींना चिकटली, आणि मायामी वर गेली. आता त्या शेजारी आल्या म्हणून आपसातला निकाल पाहिला, असं समितीचं स्पष्टीकरण. लोकांना ते हास्यास्पद वाटलं. सहा-सहाचे गठ्ठे करून क्रमांक लावताना मला ते पूर्ण पटलं: माणूस टेबलावर समोर आहे त्याचीच तुलना करतो. प्लेऑफबाहेर राहिलेल्या नॉत्र दामला मात्र ते पटलं नाही. फुटबॉलात ती कोणत्याच कॉन्फरन्समध्ये नाही, पण तिचे बाकीचे बरेचसे खेळ एसीसीत आहेत, आणि एसीसीने आधीचे आठवडे मायामीचा उघड प्रचार केला होता. रागाने तिने त्या वर्षी हंगामानंतरचा बाउल सामनाच नाकारला.

पक्षपात मोजता येतो का? एका ठिकाणी मोजला गेला आहे. प्लेऑफच्या आधीच्या बीसीएस पद्धतीत प्रशिक्षकांची क्रमवारी धरली जायची आणि २००५पासून त्यांच्या शेवटच्या मतपत्रिका नावानिशी छापल्या जाऊ लागल्या. त्यावरून मॅथ्यू कोचन आणि मॅथ्यू पोटोस्की या अभ्यासकांनी दाखवलं, की प्रशिक्षक आपल्या संघाला, आपल्या कॉन्फरन्समधल्या संघांना आणि आपण हरवलेल्या संघांना झुकतं माप देतात. आमच्या काकांचा जॉर्जियाप्रेमाचा प्रकार याच घराण्यातला. प्लेऑफ समितीच्या बाबतीत असा अभ्यास करताच येत नाही, कारण कोणत्या सदस्याने कोणाला कोणता क्रमांक दिला हे कधीच बाहेर येत नाही. बेरजादेखील नाहीत. पक्षपात सिद्ध करता येत नाही आणि नाकारताही येत नाही; दोन्ही बाजूंचा संताप त्यामुळे वर्षानुवर्षं ताजा राहतो. अंतिम यादीच्या तरी मतपत्रिका छापाव्यात, असं माझं मत आहे.

ते मी रात्री जेवणं झाल्यावर आमच्या तेरा जणांपुढे मांडलं. म्हटलं, आपल्या चिठ्ठ्या नावानिशी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकूया. अर्धे जण तयार झाले. तक्ता करणारी मैत्रीण मात्र आपल्या चिठ्ठ्या गोळा करून पर्समध्ये टाकत होती. ए अँड एमला तिने शेवटच्या चौघांत ठेवलं होतं, एवढं मी बेरजेवरून ताडलं होतं.

"माझ्या टीममध्ये चौघं ए अँड एमवाले आहेत," ती म्हणाली. "सोमवारी ऑफिसला मला जायचंय, तुला नाही."