हॉल बंद पडला, विसार बुडाला? लग्नाचे आगाऊ पैसे कसे सोडवायचे

नाखवांनो, ताया-मावश्यांनो,

आज जरा लांबची गोष्ट सांगतो, पण ती आपल्या दारातलीच आहे. ग्वाल्हेरला ना समुद्र, ना बंदर. पण मराठी घरं आहेत, आणि ती दोनशे वर्षांपासूनची आहेत. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये तिथं फौजेचा तळ टाकला आणि त्या तळाचंच पुढं ‘लष्कर’ नावाचं शहर झालं.

तिकडं आज लग्न ठरलं की आधी ‘मॅरेज गार्डन’ शोधतात. मोकळी हिरवळ, एक स्टेज, चार खोल्या, बाजूला स्वयंपाकाची शेड. मुहूर्त मोजके आणि लग्नं भरपूर, म्हणून विसार कित्येक महिने आधी मोजावा लागतो. अक्षय तृतीयेला तर तिकडं ‘अबूझ मुहूर्त’ म्हणतात, म्हणजे पंचांग न बघता लग्न लावायचा दिवस. २०२० साली हा दिवस २६ एप्रिलला आला आणि २५ मार्चपासून देश बंद होता. गार्डनांना कुलपं लागली. ४ मेपासून लग्नाला परवानगी मिळाली, पण फक्त पन्नास पाहुण्यांची. पाचशे पानांसाठी ठरवलेलं गार्डन पन्नास माणसांना काय कामाचं?

आपल्याकडे तरी वेगळं काय झालं? एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात नियम आला: लग्न एकाच हॉलमध्ये, दोन तासांत, पंचवीस माणसांत उरका, नाहीतर पन्नास हजार दंड. ज्यांनी आधीच हॉलचे पैसे भरले होते त्यांना एकच उत्तर ऐकायला मिळालं: “पैसे परत मिळणार नाहीत, वाटल्यास पुढची तारीख घ्या.”

करोना गेला, पण हॉल बंद पडायचे थांबले नाहीत. कुठं अग्निशमनाचा दाखला नाही म्हणून पालिका सील लावते, कुठं कर्ज थकलं म्हणून बँक ताबा घेते, कुठं मालक जागा विकून मोकळा होतो. आणि मुलीच्या बापाच्या हातात उरते ती पावती.

आगाऊ पैसे म्हणजे दान नव्हे

आगाऊ पैसे म्हणजे काय, हे बोटमालकाला शिकवायला नको. हंगाम सुरू व्हायच्या आधी खलाशांना उचल द्यावी लागते. खलाशी आलाच नाही तर आपण म्हणतो ‘उचल बुडाली’, पण हिशेबाच्या वहीतून ती खोडत नाही. ती त्याच्याकडे आपली बाकी असते. हॉलच्या विसाराचंही तसंच आहे. काम झालंच नाही तर पैसे घेणाऱ्याचे होत नाहीत.

हे आपल्या मनातलं सांगत नाही. १८७२ चा करार कायदा आहे, त्याचं कलम ६५ सांगतं की करार रद्दबातल ठरला, तर त्यात ज्याने फायदा घेतला त्याने तो परत करायचा. समजावं म्हणून कायद्यातच उदाहरणं दिली आहेत. एका गायकाने जलशासाठी हजार रुपये आगाऊ घेतले, पण आजारपणामुळे तो गाऊ शकला नाही. जलसा ठेवणाऱ्याचा नफा बुडाला, तो भरून द्यायला गायक बांधील नाही. पण घेतलेले हजार रुपये त्याने परत केलेच पाहिजेत.

गायकाच्या जागी हॉलवाला ठेवा. हिशेब तोच.

हॉल का बंद झाला, हे आधी शोधा

बोट ठरल्या दिवशी निघाली नाही, याची कारणं तीन. वादळ आलं, इंजिनाची देखभाल केली नव्हती, किंवा तांडेलच पळाला. तिन्हींत बोट किनाऱ्यालाच, पण दोष कुणाचा हे वेगळं. हॉलचंही असंच आहे.

पहिलं, वादळ. म्हणजे दोष कुणाचाच नाही. लॉकडाऊन, पूर, चक्रीवादळात हॉलचं छप्पर उडालं. करार कायद्याचं कलम ५६ म्हणतं की ठरलेली गोष्ट करणं अशक्य झालं तर करार संपतो. मग कलम ६५ लागतं आणि आगाऊ रक्कम परत मागता येते. पण छापलेल्या पत्रिका, बँड, गाडीभाडं हे हॉलवाल्याच्या माथी सहसा मारता येत नाही. लंडनमध्ये १८६१ साली एक सभागृह कार्यक्रमाच्या तोंडावर जळालं. भाड्याने घेणाऱ्याने जाहिरातीवर केलेला खर्च मागितला. कोर्टाने सांगितलं, आग कुणाच्याच चुकीने लागली नाही, तेव्हा तो खर्च मिळणार नाही. जगभरचे वकील हा खटला अजून शिकतात.

दुसरं, इंजिन. म्हणजे दोष मालकाचा. परवानगी नव्हती, अग्निशमनाची व्यवस्था नव्हती, पालिकेने सील केलं. “सरकारने बंद केलं, मी काय करू?” असं मालक म्हणेल. पण परवानगी घेणं हे त्याचंच काम होतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ही सेवेतली त्रुटी. इथं विसार तर मागायचाच, शिवाय ऐनवेळी दुसरा हॉल महाग पडला असेल तर तो फरक आणि झालेल्या मनस्तापाची भरपाईही मागायची.

तिसरं, तांडेल पळाला. पैसे घेतले तेव्हाच हॉल चालवायचा नव्हता, किंवा एकाच दिवशी दोघा-तिघांकडून विसार घेतला, मग फोन बंद. ही फसवणूक आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम ३१८ खाली पोलिसात तक्रार द्या. पोलीस पुष्कळदा म्हणतात, “हा दिवाणी मामला आहे.” अशा वेळी आपल्यासारख्या फसलेल्या इतर घरांना शोधून एकत्र जा. एकट्याच्या तक्रारीत जे दिसत नाही, ते पाच पावत्या शेजारी ठेवल्या की दिसतं.

हॉल कंपनीचा असेल आणि कंपनी दिवाळखोरीत गेली असेल, तर वाट वेगळी. तेव्हा जाहीर सूचना निघते. त्यात दिलेल्या मुदतीत आपला दावा कागदपत्रांसह भरायचा. पूर्ण पैसे मिळतील असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही, पण दावाच भरला नाही तर आपलं नाव यादीतही नसेल.

‘नो रिफंड’ छापलंय, मग?

पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ‘एकदा भरलेली रक्कम परत मिळणार नाही’. ते वाचून पुष्कळ जण गप्प बसतात. बसू नका. मालकानेच हॉल दिला नाही, तर त्या ओळीच्या आड त्याला सहजासहजी लपता येत नाही. लग्न आपणच रद्द केलं तरी सगळी रक्कम गिळायचा त्याला मोकळा परवाना मिळत नाही. करार कायद्याचं कलम ७४ वाजवी भरपाईपुरतंच बोलतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या कैलाशनाथ निकालात हे पुन्हा स्पष्ट केलं. तीच तारीख मालकाने दुसऱ्याला दिली असेल, तर त्याचं नुकसान कुठं झालं, हे जरूर विचारा.

तक्रार कुठं करायची?

आधी लेखी मागणी करा. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं. पावतीची तारीख, रक्कम, लग्नाची तारीख, हॉल बंद झाल्याचा दिवस आणि पैसे परत द्यायची मुदत असं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, व्हॉट्सॲपवरही टाका.

उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर फोन करा. पुष्कळ प्रकरणं तिथंच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपण मोजलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्ह्यातच चालते, आणि पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. तक्रार हॉल असलेल्या गावी जाऊनच करावी लागत नाही. २०१९ च्या कायद्याचं कलम ३४ सांगतं की तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो तिथंही ती करता येते. म्हणजे लग्न ग्वाल्हेरच्या गार्डनात ठरलं होतं आणि घर रत्नागिरीला असेल, तर तक्रार रत्नागिरीच्या आयोगात. उलट ग्वाल्हेरच्या मराठी घराने कोकणातला हॉल ठरवला असेल, तर तक्रार ग्वाल्हेरात. मालकाला वाटतं, एवढ्या लांबून कोण येणार? यायची गरजच नाही.

मुदत मात्र विसरू नका. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. “पुढच्या हंगामात बघू, पुढची तारीख देतो” या गोड बोलण्यात ती निघून जाते. करोनाच्या काळासाठी सर्वोच्च न्यायालयाने मुदतीत सूट दिली होती, तीही आता संपली. त्या वेळी जे थांबून राहिले त्यांचा हक्क तसाच वाहून गेला. मालकाने दुसरी तारीख दिली आणि आपल्याला ती पटली, तर घ्या. पण ती लेखी घ्या, आणि तीही हुकली तर पूर्ण रक्कम परत, असं त्यात लिहून घ्या.

विसार देण्याआधी

बोट विकत घेताना आपण नोंदणी बघतो, इंजिन उघडून बघतो, कर्जाचा बोजा विचारतो. हॉलचं तेवढंच करा.

१. जागा कुणाची? स्वतःची की भाड्याची? भाड्याची असेल तर भाडेकरार आपल्या लग्नाच्या तारखेच्या पुढं जातो का?

२. पालिकेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी आणि अग्निशमनाचा दाखला बघायला मागा. टाळाटाळ झाली तर दुसरा हॉल बघा.

३. गेटवर बँकेची नोटीस चिकटवली आहे का, हे बघा. कर्ज थकल्यावर बँक ताबा घेते तेव्हा नोटीस जागेवर लागते आणि वर्तमानपत्रातही छापली जाते.

४. पैसे एकदम देऊ नका. थोडा विसार, मग हप्ता, उरलेले लग्नाच्या आदल्या आठवड्यात. शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने, हॉलच्या नावावर. मॅनेजरच्या खाजगी नंबरवर नको.

५. जीएसटी नोंदणी असलेल्या हॉलने आगाऊ रकमेची रीतसर पावती द्यायची असते, आणि सेवा न देता पैसे परत केले तर त्याचंही व्हाउचर द्यायचं असतं. कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानू नका.

६. विसार वेगळा, अनामत वेगळी. विसार भाड्यात वळता होतो. अनामत मोडतोडीसाठी असते आणि लग्नानंतर परत यायची असते. पावतीवर दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून घ्या.

७. ‘हॉल कोणत्याही कारणाने उपलब्ध झाला नाही तर इतक्या दिवसांत पूर्ण रक्कम परत’ ही एक ओळ लिहून सही घ्या. एका ओळीला खर्च काही नाही.

आपल्या घरातला लग्नाचा पैसा हंगामातून येतो. त्यात डिझेल, बर्फ, जाळ्याची दुरुस्ती सगळं वजा झाल्यावर जे उरतं त्यातला तो असतो. नाही पुरलं तर घरातल्या बाईचं सोनं गहाण पडतं. म्हणून हॉलवाल्याने हात वर केले तर “आपलं नशीब” म्हणून गप्प राहू नका. पावती काढा, तारीख बघा, पत्र लिहा.

ज्यांच्या घरी यंदा हळद लागणार आहे, त्यांना ही माहिती विसार देण्याआधी पाठवा. नंतर पाठवून उपयोग अर्धाच.