माघ-फाल्गुनातील बागेची कामे

थंडी ओसरू लागली, की मुंबईच्या उपनगरातील दिंडोशी व लगतच्या आरे परिसरात बागेच्या कामाचे स्वरूप पालटते. दिंडोशीच्या बऱ्याचशा भूमीवर आज इमारती उभ्या आहेत. तथापि आरेतील पाड्यांवर वारली कुटुंबे अद्यापि भाजीपाला पिकवितात व घरालगत फळझाडे राखतात. अशा लहान बागांना माघ व फाल्गुन हे महिने निर्णायक होत. येथे मोसमी पाऊस सामान्यतः जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. तोपर्यंत सुमारे चार महिने विहिरीच्या पाण्यावरच बाग जगवावयाची असते.

पाण्याचा हिशेब : लागवडीपूर्वी हा हिशेब करावा. सायंकाळी उपसा थांबल्यावर विहिरीतील पाण्याची पातळी मोजावी व सकाळी पुन्हा मोजावी, म्हणजे रात्रीत किती पाणी भरते ते समजते. वैशाखात हा भरणा घटतो, हे लक्षात ठेवावे. समजा, वैशाखात बागेसाठी रोज ३०० लिटर पाणी मिळेल. घरचे चार आंबे असल्यास प्रत्येकी १५० लिटरप्रमाणे दर पंधरा दिवसांस ६०० लिटर, म्हणजे रोजचे ४० लिटर, त्यांसाठी वेगळे काढावे. उरलेल्या २६० लिटरांत, एका आळ्यास एक दिवसाआड १० लिटर दिल्यास, वेलींची ५२ आळी सांभाळता येतात. आज पाणी मुबलक दिसते म्हणून शंभर आळी केली, तर ऐन फळे धरण्याच्या वेळी वेली सुकतील आणि बियाणे, खत व श्रम ही तिन्ही वाया जातील.

वेलभाज्या : काकडी, दुधी, कारली, पडवळ यांची लागण महाशिवरात्रीपर्यंत उरकावी. प्रत्येक आळ्यात घमेलेभर चांगले कुजलेले शेणखत मिसळून तीन-चार बिया टोकाव्यात व उगवणीनंतर दोन जोमदार रोपे ठेवावीत. फळमाशीने डंखलेली फळे बागेत पडू न देता खोल पुरावीत. नर माश्या पकडण्यासाठी क्यू-ल्यूरचे सापळे लावावेत.

आंबा : झाड मोहोरावर असता पाणी देऊ नये. फळे वाटाण्याएवढी झाल्यावर दर पंधरा दिवसांनी, झाडाच्या आकारमानाप्रमाणे १५० ते २०० लिटर पाणी, असे तीन-चार वेळा द्यावे. त्यामुळे फळगळ कमी होते. पाणी बुंध्याशी न ओतता फांद्यांच्या घेराखाली आळे करून द्यावे. मोहोरावर भुरी दिसल्यास १० लिटर पाण्यात ८० टक्के पाण्यात विरघळणारे गंधक २० ग्रॅम मिसळून फवारावे. कडक उन्हात गंधकाची फवारणी केल्यास पाने व मोहोर करपतो. तसेच दिवसा मोहोरावर मधमाश्या व माश्या परागीभवन करीत असतात. म्हणून फवारणी सायंकाळी करावी.

पालापाचोळा : या दिवसांत पुष्कळ पाने गळतात व ती जाळण्याची प्रथा आहे. ती सोडावी. हाच पाला आळ्यांत चार बोटे जाड पसरल्यास जमिनीतील ओल टिकते व तण कमी उगवते. मात्र खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवावी, अन्यथा बुंधा कुजण्याचा व वाळवीचा संभव असतो. उरलेला पाला खड्ड्यात शेणकाल्यासह कुजवावा. वाळलेल्या गवतात ठिणगी पडल्यास वणवा आवरत नाही. ३ डिसेंबर २०१८ रोजी दिंडोशीनजीकच्या वनक्षेत्रात मोठी आग लागली होती. म्हणून बागेच्या रानाकडील कडेचे वाळलेले गवत होळीपूर्वी कापून तेथे मोकळी पट्टी ठेवावी.

ग्रामकार्यकर्त्यांनी प्रत्येक पाड्यावर निदान एका विहिरीची पातळी शेतकऱ्यांसमक्ष मोजून दाखवावी व आळ्यांचा आकडा त्यांच्याकडूनच काढवून घ्यावा. स्वतः मांडलेला हिशेब शेतकरी पाळतो, आणि वैशाखातील बाग त्या हिशेबावरच तग धरते.