खाडीकांठच्या घरांतील शिवणयंत्र

नेरूळसारख्या ठिकाणीं शिवणयंत्राचा खरा शत्रु म्हणजे हवा होय. जवळच खाडी, जून ते सप्टेंबर धो धो पाऊस, आणि वाऱ्यांत मिठाचा अंश. १९७० सालीं सिडकोची स्थापना होऊन नव्या मुंबईची आंखणी सुरू झाली. पुढें जुन्या मुंबईंतून, कोंकणांतून व घांटावरून जीं कुटुंबें येथें राहावयास आलीं, त्यांतील कित्येकांच्या सामानांत सासूचें किंवा आजीचें काळें लोखंडी यंत्रही होतें. असें यंत्र पुष्कळदां गॅलरीच्या कोपऱ्यांत जुन्या चादरीखालीं पडून राहतें आणि एके दिवशीं चाक फिरेनासें झालें म्हणून मोडीत काढण्याच्या गोष्टी निघतात. हा विचार बहुधा घाईचा असतो. आंतील लोखंड झिजलेलें नसतें. जुनें तेल वाळून त्याचा चीक झालेला असतो, इतकेंच.

या यंत्राचा जन्म मात्र सुखासुखी झाला नाहीं. फ्रान्समधील तिमोनिए या शिंप्यानें १८३० सालीं आपल्या यंत्राचें पेटंट घेतलें. पुढच्याच वर्षीं पॅरिसच्या शिंप्यांनीं, आपली भाकरी जाईल या भयानें, त्याच्या कारखान्यांतील यंत्रें फोडून टाकलीं. अमेरिकेंत एलायस हौ यानें १८४६ सालीं व आयझॅक सिंगर यानें १८५१ सालीं पेटंट घेतलें. गांधीजींनीं १९२४ सालीं ‘यंग इंडिया’ पत्रांत प्रसिद्ध झालेल्या संवादांत यंत्रांविषयीं बोलतांना सिंगरचें शिवणयंत्र अपवाद म्हणून मान्य केलें. पत्नीचे कष्ट वांचविण्याच्या प्रेमळ इच्छेंतून तें जन्मलें, अशी त्यांची समजूत होती. सिंगर हा मूळचा नट, आणि त्याची दृष्टि व्यापाराची होती. परंतु कष्ट वांचले हें खोटें नाहीं. पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांनीं शिवणकामाचे वर्ग चालविले आणि अनेक स्त्रियांच्या हातीं स्वतःची मिळकत आली. पुढें कलकत्त्याच्या जय इंजिनियरिंग वर्क्सचें ‘उषा’ यंत्र देशांतच तयार होऊं लागलें.

यंत्राचा टांका हाताच्या टांक्यासारखा नसतो, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. हातशिवणींत एकच दोरा कापडांतून आरपार जातो. यंत्रांत दोन दोरे असतात. सुईचें नेढें टोंकाशीं असतें. सुई खालीं जाऊन किंचित् वर येऊं लागतांच दोऱ्याचा एक फांसा सुटतो, खालची फिरती आंकडी तो पकडते आणि बॉबिनभोवतीं फिरवून आणते. वरचा व खालचा दोरा असे एकमेकांत अडकतात, आणि ही अडकण कापडाच्या जाडीच्या मधोमध बसली म्हणजे टांका दोन्ही अंगांनीं सारखा दिसतो.

एवढें ध्यानांत आलें कीं नवशिक्याच्या निम्म्या तक्रारी मिटतात. कापडाच्या खालच्या अंगास दोऱ्याचा गुंता झाला म्हणजे प्रत्येक जण बॉबिनला दोष देतो. वास्तविक चूक वरच्या दोऱ्यांत असते. तो ताणाच्या दोन चकत्यांमध्यें नीट बसलेला नसतो. कापड दाबणारा पाय खालीं असतांना दोरा ओवला तर या चकत्या मिटलेल्या असतात व दोरा बाहेरच राहतो. म्हणून ओवतांना तो पाय नेहमीं वर उचलावा. गुंता दिसतांच ताणाचा स्क्रू पिळीत बसूं नये; आधीं दोरा काढून पुन्हां ओवावा.

सुईची एक बाजू चपटी असते व तिच्या समोरच्या बाजूस लांब खांच असते. दोरा ज्या बाजूनें नेढ्यांत घालावयाचा त्या बाजूस खांच यावी. उलट बसलेल्या सुईनें टांकाच पडत नाहीं. पातळ मलमलीस ११ नंबरची, साध्या सुती कापडास १४ ची, आणि जाड कापडास १६ ची सुई घ्यावी. सुई स्वस्त असते; बोथट सुई मात्र कापडाचे धागे ओढून तें खराब करते.

पायानें चालणाऱ्या यंत्रावर पहिले कांहीं दिवस कापड घेऊंच नये. चाकाची मधली चकती सैल केली म्हणजे सुई थांबते व नुसतें चाक फिरतें. त्यावर टांच व चवडा आळीपाळीनें दाबून चाक एकाच दिशेनें, म्हणजे माथा आपल्याकडे येईल असें, फिरविण्याची संवय करावी. तें उलटें फिरलें कीं दोरा अडकलाच. मग दोरा न ओवतां रेघांच्या कागदावर सुई चालवावी, आणि त्यानंतरच चिंधीवर. आरंभाचे दोन-तीन टांके पडेपर्यंत दोन्ही दोऱ्यांचीं टोंकें मागें धरून ठेवावीं. कापड हातानें ओढूं नये. खालचे दांत तें आपोआप सरकवितात. ओढलें तर सुई वांकते, पोलादी पट्टीवर आपटते व तुटते, आणि तुटलेला तुकडा डोळ्याकडेही उडूं शकतो. विजेच्या यंत्राची सुई बदलण्यापूर्वीं प्लग काढलाच पाहिजे. पाय चुकून पडला तर सुई बोटांतून जाते.

तेल शिवणयंत्राचेंच, पातळ व स्वच्छ असावें. खोबरेल मुळींच नको. तें घट्ट होतें. प्रत्येक भोंकांत एक थेंब पुरे. तेल घातल्यावर चाक फिरवावें, ओघळ पुसावा आणि प्रथम चिंधीवर शिवावें. चामड्याच्या पट्ट्याला तेल लागूं देऊं नये, तो घसरूं लागतो. दांतांखालीं सांचलेली कापसाची भुकटी ब्रशानें काढावी. फुंकरीनें ओल जाते. आजच्या कित्येक विजेच्या यंत्रांस घरीं तेल घालावयाचें नसतें, तेव्हां सोबतची पुस्तिका आधीं वाचावी.

पावसाळ्यांत यंत्र खाडीकडील खिडकीपासून दूर ठेवावें व आठवड्यांतून एकदां तरी चालवावें. वर सुती आच्छादन घालावें. प्लॅस्टिकखालीं दमटपणा कोंडतो.

अडकलेलें जुनें पायाचें यंत्र सोडवावयाचें झाल्यास खिडक्या उघडून, चूल व दिवा दूर ठेवून, तेलाच्या भोंकांत रॉकेलचे दोन-दोन थेंब घालावे व रात्रभर राहूं द्यावे. सकाळीं चाक हातानें थोडें मागेंपुढें हलवावें. जोर लावूं नये. काळा चीक निघूं लागला कीं पुसावा, पुन्हां थेंब घालावे. दोन-तीन दिवस लागले तरी हरकत नाहीं. चाक मोकळें झाल्यावर सर्व रॉकेल पुसून मगच तेल घालावें, कारण रॉकेल चीक विरघळवितें, वंगणाचें काम करीत नाहीं. बाहेरची सोनेरी वेलबुट्टी मात्र स्पिरिटनें पुसूं नये. तिच्यावरील रोगण स्पिरिटांत विरघळतें आणि सोनें फडक्याबरोबर निघून येतें.